लंगडी खार आणि अकरा 'सहमत'

३ डिसेंबर १९३४

गठ्ठा आला. जळगावच्या निवड मंडळाकडून. सहा पुस्तकं, तांबड्या फडक्यात बांधलेली. वर नेहमीचा तक्ता — पुस्तकाचं नाव, इयत्ता, शेरा, सही. बारा शाळांत फिरतो हा गठ्ठा, आणि पहिली शाळा आमची. म्हणजे पहिला शेरा माझा.

शिपायानं ओट्यावर ठेवला. "पंधरा दिवसांत पुढं जायला पाहिजे, गुरुजी." हो म्हटलं.

आषाढानंतरचा हा पहिला. कोनाड्यात ठेवून दिला.

५ डिसेंबर

उघडला नाही.

८ डिसेंबर

शनिवार. सकाळची शाळा. दुपार रिकामी गेली, म्हणून लिहितो.

मुलांच्या पुस्तकांचा मी मोठा पारखी, असं जळगावात मानतात. 'तोताराम गुरुजींनी शिफारस केली ना, मग डोळे मिटून घ्या.' खरं काय ते या वहीला सांगायला हरकत नाही — पारख माझी कधीच नव्हती! दिवेलागणीच्या आधी ओट्यावर बसून मी मुलीला पुस्तक वाचून दाखवायचो. वाचता वाचता मुद्दाम थांबायचो. तिनं "मंग?" विचारलं की समासात पेन्सिलीचं एक टिंब. पुस्तक संपलं की टिंबं मोजायची. विसाच्या वर गेली तर शिफारस. पाचाच्या आत राहिली तर अयोग्य. चार वर्षं हेच केलं. मंडळाला वाटायचं, काय सूक्ष्म दृष्टी!

कमल उंबऱ्याशी बसून निवडणं-पाखडणं करायची. तिला अक्षरओळख नाही. मुलगी शाळेतून आली की शाळा-शाळा खेळायची, मास्तर ती आणि विद्यार्थी आई. चुलीपुढं राख पसरून बोटानं अक्षरं काढायला लावायची. चुकलं की आईच्या पाठीत धपाटा! मी हसायचो.

आषाढात चार दिवस ताप आला. पाचव्या दिवशी आटोपलं. नऊ वर्षांची होती.

तिचं नाव इथं लिहीत नाही. घरातही कोणी घेत नाही. ठरवलं नव्हतं, तसं झालं. कमलला मी आधी अमकीची आई म्हणून हाक मारायचो. आता हाक मारायला काही राहिलंच नाही. 'अगं' म्हणतो.

मला रडू येत नाही. लोक म्हणतात, गुरुजी खंबीर. खंबीर कसला. फार वेळ मांडी घालून बसल्यावर पाय बधिर होतो ना, तसा झालोय सगळा. चिमटा काढला तरी कळत नाही.

११ डिसेंबर

गठ्ठा सोडला. 'विनयबोध' चाळलं. त्यात एक मुलगा आहे. पहाटे उठतो, आईचे पाय चेपतो, पाढे म्हणतो, खरं बोलतो, झोपतो. बत्तीस पानं हेच.

"मंग तो खेळस कव्हय?" — खेळतो कधी, असं तिनं विचारलं असतं. आणि हे 'मंग' टिंबातलं नव्हे! हे वैतागाचं. ते मी वेगळं धरायचो.

शेरा — योग्य.

१२ डिसेंबर

'सृष्टीचे चमत्कार' — योग्य. 'दर्यावर्दी शिवबा कोळी' — योग्य. वाचलं एकही नाही.

१५ डिसेंबर

आणखी दोन. योग्य, योग्य. कोंबडीपुढं दाणे टाकावेत तसे शेरे टाकतोय. सह्या सहाही ओळींत आधीच ठोकल्या आहेत.

सहावं राहिलं. 'लंगडी खार'. पातळसं. वर खारीचं चित्र, तिचा पुढचा एक पाय आखूड. उघडलं. पहिलंच वाक्य — 'त्या खारीला प्रश्न फार पडायचे.'

मिटलं.

१७ डिसेंबर

धरणगावच्या बाजारात लीलाधर गुरुजी भेटले. आमच्या पुढची शाळा त्यांची. पोटानं आणि मनानं मोठा माणूस.

"गठ्ठा कुठवर आला, भाऊ?"

"होतोय."

"तुमचं काय लिहिलंय ते बघायचं, खाली सहमत लिहायचं, की आम्ही मोकळे! वाचणार कोण आणि कधी? माझ्याकडं दोन वर्गांत मिळून एक मास्तर — तो मीच."

बाकीचे दहाही तेच करतात. सगळ्यांना माहीत आहे. मंडळालाही असावं. एका नऊ वर्षांच्या पोरीच्या 'मंग'वर बारा शाळांची कपाटं भरत होती, हे मात्र कोणालाच माहीत नव्हतं.

वांगी घेतली. घरी आल्यावर कळलं, मोसंबंही एक घेतलंय. आमच्या दोघांतलं कोणी खात नाही.

१९ डिसेंबर

घर नीट राहत नाही हल्ली. चुलीपुढं राख पसरलेली असते, दुपार झाली तरी तशीच. कमलचं असं नव्हतं. चूल आरशासारखी ठेवायची. तिलाही सुचत नसेल. बोललो नाही. कोणत्या तोंडानं बोलणार, मी काल दोन वेगळ्या चपला घालून शाळेत गेलो!

'लंगडी खार'च्या वरच्या पानावर हळदीचं बोट उमटलंय. धूळ पुसताना लागलं असेल.

संध्याकाळी विचारते, "गठ्ठा कव्हय जाई?"

"परवा."

"ऱ्हाऊ द्या ना आजून दोन दिन."

"का?"

"काई नही. कोनाडा रिकामा बरा दिसत नही."

पाच महिन्यांत एवढं लांब बोलणं झालं नव्हतं आमचं.

२१ डिसेंबर

गठ्ठा गेला. मी शाळेला निघताना कमलनंच फडक्याची गाठ मारली. शिपाई आला की देते म्हणाली. सहाव्या पुस्तकापुढचा शेरा कोराच राहिला, हे वर्गात फळ्यापुढं उभा असताना आठवलं. परत गेलो नाही. असू दे. कोऱ्यालाही सहमत लिहितील.

३० डिसेंबर

काही नाही.

१४ जानेवारी १९३५

संक्रांत. गल्लीतल्या मुली तिळगूळ मागायला आल्या. कमलनं वाटला. एकीला दोनदा दिला. ती पोरगी म्हणाली, "मावशी, माले आत्तेच दिधा ना!" तरी दिला.

२४ जानेवारी

मंडळाचं पत्र. जसंच्या तसं उतरवतो —

'आपल्याकडून फिरतीस गेलेल्या तक्त्यात "लंगडी खार" या पुस्तकापुढे "मंजुळाला आवडलं असतं" असा शेरा आहे. त्याखाली उर्वरित अकरा शाळांनी "सहमत" असे लिहून सह्या केल्या आहेत. सदर मंजुळा कोण व तिचा मंडळाशी संबंध काय, याचा खुलासा ता. ३१ रोजी समक्ष येऊन करावा.'

तिचं नाव. कारकुनाच्या वळणदार अक्षरात, काळ्याभोर शाईत, किती सुबक काढलंय. मी बराच वेळ नुसता बघत बसलो.

मी लिहिलं हे? आठवत नाही. पण हल्ली आठवतं काय मला? चहात मीठ घालतो, फळ्यावर मागच्या महिन्याची तारीख लिहितो. लिहिलं असेल. दुसरं कोण लिहिणार?

२६ जानेवारी

लीलाधर गुरुजी सायकल हाणत आले. त्यांनाही विचारणा झालीय.

"अहो भाऊ, ही मंजुळाबाई कोण? मला वाटलं, मंडळावर कोणी नवीन बाई आल्यात. मोठ्या असामीची आवड, आपण कशाला आडवं जायचं? लिहिलं सहमत! मागच्यांनी माझं पाहून लिहिलं —"

आणि मधेच थांबले. त्यांचं तोंड एकदम उतरलं. दहाव्याला आले होते ते. माझ्या शेजारीच बसले होते.

आत काहीतरी पडल्याचा आवाज झाला. पितळी असावी. बराच वेळ गरगरत राहिली.

"भाऊ," ते खाली बघत म्हणाले, "मी पुस्तक वाचलं नव्हतं."

"मीही," म्हटलं.

चहा न घेता गेले. माणसाला अकारण लाज वाटली. अकारण कशी म्हणा — पण मला त्यांचा राग आला नाही. येतच नाही काही.

३१ जानेवारी

सकाळच्या गाडीनं जळगावला. मंडळाचे अध्यक्ष म्हातारे, कानानं थोडे कमी. त्यामुळं कारकुनाला शेरा तीनदा मोठ्यानं वाचावा लागला. "मंजुळाला आवडलं असतं!" बाहेरच्या बाकावरची माणसं आत डोकावायला लागली.

"कोण ही?" अध्यक्षांनी विचारलं.

"मुलगी माझी. गेल्या आषाढात वारली."

हेही मला तीनदा सांगावं लागलं. तिसऱ्यांदा सांगताना आवाज माझाच, पण दुसरं कोणी बोलतंय असं वाटत होतं.

अध्यक्षांनी चष्मा पुसला. माणूस वाईट नाही. म्हणाले, "शेरा खोडा, रीतसर लिहा, आठ दिवसांत पाठवा. नाहीतर हे पुस्तक यादीतून काढावं लागेल. मंजुळाला आवडलं असतं म्हणून बारा गावच्या पोरांना कसं द्यायचं, गुरुजी?" थोड्या वेळानं पुन्हा, हळूच — "आणि अक्षर फार बिघडलंय तुमचं. हात कापतो का?"

म्हटलं, हे काम आता दुसऱ्याला द्या. माझ्याच्यानं होत नाही.

"लेखी कळवा. मग पुढचे गठ्ठे लीलाधर गुरुजींकडून सुरू करू."

तक्त्याची सुरळी आणि पुस्तक घेऊन बाहेर पडलो. गाडीत उघडलं नाही.

१ फेब्रुवारी

राजीनाम्याचा कागद लिहिला. चार ओळी. 'घरगुती अडचणीमुळे.'

जेवताना कमलला सांगितलं, "गठ्ठा आता येणार नाही आपल्याकडं."

ती भाकरी भाजत होती. हात तव्यावर तसाच राहिला. "कव्हयच नही?"

"नाही. तुला कोनाडा रिकामा दिसायचा, दुसरं काही ठेव तिथं."

"माले काय समजस त्यामा," म्हणाली. मी काही विचारलं नव्हतं, तरी.

भाकरी जळली. तीच दोघांनी अर्धी अर्धी खाल्ली. ती माझ्याकडं बघत नव्हती. काही तरी तुटल्यासारखं वाटलं, पण काय ते लागेना. उद्या कागद टपालात टाकायचा.

२ फेब्रुवारी

टाकला नाही. आधी शेरा दुरुस्त करून मग दोन्ही एकदम पाठवू.

चुलीपुढं आज राख नाही. स्वच्छ सारवलेलं. इतकं स्वच्छ की बघवेना.

३ फेब्रुवारी

खोडायला म्हणून दौत उघडली, तक्ता पसरला.

अक्षर माझं नाही.

मोठं अक्षर आहे. एकेक सुटं, प्रत्येकावर वेगळी रेघ. राखेत बोटानं काढावं तसं. खाली अकरा 'सहमत', ओळीनं.

पुस्तक उघडलं. समासात टिंबं. पेन्सिलीची नाहीत, कोळशाची. मोजली. एकतीस.

शेरा खोडला नाही. त्याच्याच पुढं लिहिलं — 'सबब शिफारस करण्यास योग्य.' राजीनामा चुलीत घातला.

कमल उंबऱ्याशी तूर निवडत बसली होती. तिच्यापुढं बसलो आणि पहिल्या पानापासून मोठ्यानं वाचायला लागलो. त्या खारीला प्रश्न फार पडायचे. दुसऱ्या ओळीला थांबलो. मुद्दाम नाही. दिसेचना पुढचं.

सुपातला हात थांबला.

"मंग?" ती म्हणाली.