कूलरच्या हवेतली चाचणी

अकोला, २१ मे

प्रिय पौर्णिमा,

तीन दिवस तू फोन उचलत नाहीस, म्हणून तुझा हा भाऊ कागद घेऊन बसलाय. मी घाबरलोय गं. बाबांच्या संत्र्याच्या बागेसाठी घाबरलोय, आणि त्याहून जास्त तुझ्यासाठी.

मार्चअखेरीस तुझा कॉम्प्युटर मी वेगवान करून दिला, आठवतं ना? तुझ्या अभ्यासातला जमिनीच्या ओलाव्याचा एकेक हिशेब दोन-दोन दिवस चालायचा आणि तू रडकुंडीला आली होतीस. वेग वाढवला की मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये प्रोसेसरला व्होल्टेजही थोडं वाढवून द्यावं लागतं. कमी पडलं तर तो अडखळतो, जास्त झालं तर तापतो. दहा वर्षं मी हेच गिऱ्हाइकांना सांगत आलोय. पण शेजारच्या दुकानातला धर्मेंद्र म्हणाला, "इतक्या कमी व्होल्टेजवर कोनाचंच नाही चालून राह्यलं, भाऊ." झालं, मला चढला हट्ट. एकेक पायरी व्होल्टेज उतरवत गेलो. आठ तास चाचणी लावली, एकदाही बंद पडला नाही, तेव्हा अख्ख्या गल्लीला चहा पाजला. पण आमच्या अकोल्यात उन्हाळ्यात माणूस, मांजर, मशीन, सगळे कूलरसमोरच असतात. तुझा कॉम्प्युटरही आठ तास ओल्या वाळ्याच्या हवेत बसला होता. तुझ्या अमरावतीच्या पत्र्याच्या खोलीत कूलर नाही, हे मला माहीत होतं. तापलेल्या प्रोसेसरला तेवढं व्होल्टेज पुरत नाही, हेही माहीत होतं. तरी डोक्यात आलं नाही.

तिथे तो सरळ बंद पडला असता तर बरं झालं असतं. तो चालत राहिला आणि चुकीचे आकडे देत राहिला.

मृग बहारासाठी, म्हणजे पावसाच्या सुरुवातीला झाडं फुलावीत म्हणून, बाबा आजवर पानं बघून संत्र्याचं पाणी तोडायचे आणि पानं बघूनच परत सोडायचे. यंदा पहिल्यांदा त्यांनी तुझ्या आकड्यावर बाग ताणावर ठेवली. आणखी अठरा दिवस पाणी नको, असं तुझ्या हिशेबात आलं होतं. गावभर सांगत फिरले, "माही पोरगी जमिनीचं पोट वाचते." त्यातल्या चौदाव्या दिवशी पानं गळायला लागली, शेंडे वाळायला लागले. हल्ली मधेच थांबायला लागला म्हणून तू पाठवलेला कॉम्प्युटर तेव्हा माझ्या टेबलावर होता. कूलर बंद करून तुझाच हिशेब चार वेळा चालवला. चार वेगळी उत्तरं आली. मग वेग मूळचा केला, व्होल्टेज पूर्ववत केलं. त्यानंतर दर वेळी एकच उत्तर आलं. सहा दिवस.

लगेच बाबांना फोन केला, पाणी सोडा म्हणालो. सोडलंय. तीनशे झाडांपैकी किती वाचतील, कोणालाच सांगता येत नाही.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. बाबांनी विचारलं, "काहून? पोरीनं त अठरा सांगतले होते." माझी जीभ टाळ्याला चिकटली. म्हणालो, तिचं चुकलं. तेवढंच म्हणालो आणि फोन ठेवला. मग ते तुला काय बोलले, ते आईनं काल मला सांगितलं. तू शिक्षण सोडायचा अर्ज लिहिलास, हेही तिनंच सांगितलं. पौर्णिमा, तू तुझ्या हिशेबात चूक शोधत बसली असशील. सापडणार नाही, कारण ती तिथे नाहीच. अर्ज देऊ नकोस. दुकानातला माझा जोडीदार अमोल हे पत्र तुझ्या हातात देईल. मी आत्ता चांदूर बाजारच्या एसटीनं घरी निघतोय, बाबांना तोंडावर सांगायला. पण मला माझा भरवसा नाही. त्यांच्यासमोर माझी जीभ पुन्हा चिकटली, तर तू ये आणि हे पत्र त्यांना मोठ्यानं वाचून दाखव. मी तिथेच बसलेला असेन.

तुझाच,
नितेशदादा