ॲडमिरलला दिसलंच असेल

साउथहॅम्प्टन, ३ जून २००६

तीर्थस्वरूप दादा,

काल जटलंडच्या आरमारी लढाईवर व्याख्यान ऐकलं. नव्वद वर्षं झाली तिला. संस्कृतवाल्याला तोफांचं काय, असं तू म्हणशीलच, तरी ऐक. जर्मन जहाजं निसटताना मागच्या काही ब्रिटिश कप्तानांना दिसली होती. त्यांनी कळवलंच नाही. ॲडमिरलला दिसलंच असेल, आपण धाकट्यांनी काय सांगायचं!

सगळ्यांबरोबर मीही हसलो. परतताना बसमध्ये मात्र ईस्टर आठवला. कार्डिफला तुझ्याकडे आलो होतो, तेव्हा आईने मला तीनदा विचारलं, “हे आले का रे कॉलेजातून?” बाबांना जाऊन अकरा वर्षं झाली. मी “येतील” म्हटलं आणि चहा प्यायलो. आई रोज तुझ्यासमोर असते, त्यात तू डॉक्टर, हाडांचा का होईना. तुला कळलंच असेल असं मी धरलं. शिवाय तुला काही सांगायची आपल्या घरात पद्धत नाही.

आज वहिनी फोनवर म्हणाल्या, “आई अगदी ठणठणीत आहेत हो!”

पत्र पोचायला दोन दिवस जातील. म्हणून हे ड्रॉवरमध्ये ठेवतो आणि तुलाच फोन लावतो. हवं तर रागाव.

तुझा आज्ञाधारक, आणि म्हणूनच इतके दिवस गप्प,
पुष्कर