इथे कोण चालतं?

अजमान, जून २००३

प्रिय सुजीत,

‘प्रिय’ हे सवयीने लिहिलं गेलं, त्याचा फार अर्थ काढू नकोस. मी अजमानला मधूकडे आहे. तुला दहावीला सायन्स शिकवायची तीच मधू टीचर. जेवतेय, गोळ्या घेतेय, तेवढं आभाला सांग. आणि पुन्हा ड्रायव्हर पाठवू नकोस. परवा तो बिचारा दारात उभा राहून ‘मॅडम, साहब ने बुलाया है’ एवढंच म्हणत होता. मी त्याला चहा दिला आणि रिकाम्या गाडीने परत पाठवलं. आईला न्यायला मुलगा येतो. ड्रायव्हर लाँड्रीतले कपडे आणायला जातो.

आभा फोनवर म्हणाली, तू सगळ्यांना सांगतोयस की आईला तिकडे अ‍ॅडजस्ट होता आलं नाही. तुझ्या बाबांचा हात धरून मी शारजाला आले तेव्हा आमच्या बिल्डिंगच्या मागे नुसती वाळू होती, आणि वारा सुटला की ती भातात यायची. तिथे मी संसार केला, तुला वाढवलं, बाबा गेल्यावरही शाळेतली नोकरी सोडली नाही. रिटायर होईपर्यंत त्या फ्लॅटमध्ये एकटी राहिले. तेव्हा अ‍ॅडजस्ट होणं तू मला शिकवू नकोस. काय झालं ते नीट लिहिते. तोंडावर बोलले की तू घड्याळाकडे बघतोस, म्हणून लिहिते.

शारजाला मी खाली उतरले की मल्याळ्याची ग्रोसरी, तिला लागून शिंपी, पुढच्या वळणावर इराण्याची भट्टी. बिल्डिंगी एकमेकींना इतक्या खेटून की दुपार कलली की गल्लीच्या एका बाजूला सावली असायचीच. वरून एसीचं पाणी टपकायचं, ते चुकवत जायचं. भट्टीसमोर एक मोडका बाक होता. गरम खुबूसची रोटी हातात घेऊन तिथे टेकायचं, कोणी ना कोणी भेटायचं, मग उठायचं. संध्याकाळी बाबांबरोबर आणि नंतर एकटीने लगूनच्या काठाकाठाने, कॉर्निशच्या फरसबंद वाटेवर. ऑगस्टमध्येसुद्धा, सूर्य बुडून मगरिबची अजान झाली की. बाई, तुम्ही व्यायाम काय करता, असं तेव्हा कोणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, काही नाही. मला कामं होती, आणि ती पायांनी होत होती.

शाळा संपली तसा शाळेचा व्हिसाही संपला. मग तू स्पॉन्सर झालास, आणि मी तुझ्या व्हिसावर आले म्हणून तुझ्या घरात आले. दुबईच्या टोकाला, जबल अलीच्याही पलीकडची ती व्हिलांची कॉलनी, तुझ्याच कंपनीने बांधलेली, तुझ्याच टेबलावर आखलेली. पहिल्या दिवशी तू मला ऑफिसात नेऊन काचेखालचं मॉडेल दाखवलंस. हिरवळ, छोटी छोटी झाडं, निळं तळं. तुझ्या चेहऱ्यावर बक्षीस घेऊन आलेल्या मुलासारखा आनंद होता आणि मलाही अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू. त्या मॉडेलमध्ये माणसं मात्र कुठे चालताना दिसत नव्हती. हे माझ्या तेव्हा लक्षात यायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी कोथिंबीर आणायला म्हणून मी पिशवी घेऊन बाहेर पडले. कुठे जाणार? दोन्ही बाजूंनी उंच भिंती आणि भिंतींच्या बाहेर थेट रस्ता. हिरवळ होती, पण ती रस्त्याच्या कडेपर्यंत येऊन संपायची, आणि तिच्यावर पाय ठेवला की पाण्याचे फवारे. सावली नाही, बाक नाही, दुकान नाही. गाड्या माझ्या पदराला वारा घालत जात होत्या. सुपरमार्केट होतं, गच्चीवरून त्याची पाटीसुद्धा वाचता यायची, पण ते मोठ्या हायवेच्या पलीकडे. मी परत आले. आभा म्हणाली, ‘आई, तुम्ही कशाला गेलात? मला सांगायचं ना, मी येताना आणते.’ सून म्हणून चांगली पोर आहे ती, तिला मी काही बोलत नाही. पण त्या दिवसापासून कोथिंबीर तिच्या येण्यावर अवलंबून राहिली आणि मीही.

शहरबानू मला तिथेच भेटली. तुमच्या मागच्या ओळीतल्या तय्यबची आई, हैदराबादची. तिच्या स्वयंपाकघराची खिडकी माझ्या खोलीतून दिसायची. ती कांदा चिरताना डोळे पुसते आहे हेही दिसायचं. पण मध्ये तुमची भिंत. तिच्या दारात जायचं तर अख्खी कॉलनी वळसा घालून जावं लागे, कारण तुमचे सगळे रस्ते आत शिरून तिथेच संपतात. तू एकदा फार कौतुकाने सांगितलं होतंस, यामुळे बाहेरची वाहतूक आत येत नाही. शेजारीणही येत नाही, हे तू आखताना कोणी सांगितलं नाही का?

तरी आम्ही चालायचो. रस्त्याच्या कडेने, एकीमागे एक. मग एका शुक्रवारी सिक्युरिटीच्या जीपने आम्हाला थांबवलं. हमदुल्ला म्हणून पठाण गार्ड, तो अदबीने म्हणाला, ‘अम्मा, इधर पैदल चलना मना है, गाड़ी मार देगी,’ आणि आम्हा दोघींना मागच्या सीटवर बसवून घरी सोडलं. पाकीटमार पकडल्यासारखं. त्याच्यावर माझा राग नाही, त्याला दिलेला हुकूम तो पाळत होता. तू दारात आलास. मला वाटलं, तू म्हणशील, ही माझी आई आहे, तिला हवं तिथे ती चालेल. तू म्हणालास, ‘सॉरी, माय मदर डझन्ट अंडरस्टँड द रूल्स.’ शहरबानू जीपमध्येच बसलेली होती. तिने मान वळवून दुसरीकडे पाहिलं, माझी लाज राखण्यासाठी. तू ती राखली नाहीस.

त्यानंतर आठवड्याभरात ट्रेडमिल आलं. ते कुठे ठेवलंस? स्टोअररूममध्ये, पाण्याच्या बाटल्यांच्या खोक्यांशेजारी, भिंतीकडे तोंड करून. ईशानी म्हणाली, ‘आजी, जस्ट पुट सम म्युझिक, यू वोन्ट गेट बोअर्ड.’ तिच्या समाधानासाठी मी काही दिवस चढले. हात दांड्याला घट्ट धरून भिंतीचा रंग बघायचा. एकदा पट्टा घसरला आणि गुडघा आपटला, तेव्हापासून ते बंदच आहे. मग साखर वाढली. जिना चढताना धाप लागायला लागली, म्हणून तू मला खालच्या मोलकरणीच्या खोलीत हलवलंस. तात्पुरतं म्हणालास. करामाच्या डॉक्टरने तपासून एकच वाक्य सांगितलं, ‘इनको चलाइए, रोज़.’ गाडीत तू हसत म्हणालास, घरी मशीन आहे, आई वापरत नाही.

आणि तुझी ती पार्टी. ऑफिसची माणसं आली होती. मी भज्यांचं ताट घेऊन आत येत होते आणि तू ग्लास हातात घेऊन सांगत होतास, ‘ओरिजिनल प्लॅनमध्ये फुटपाथ होते. मी उडवले. इथे कोण चालतं? त्या जागेत प्रत्येक घराला दुसरं पार्किंग बसलं.’ सगळ्यांनी माना डोलावल्या. मी तिथेच उभी राहून म्हटलं, ‘मी चालते.’ मग तू हसून म्हणालास, ‘आई, तू एक्सेप्शन आहेस. एक्सेप्शनसाठी रस्ते बांधत नाहीत.’ ते सगळे हसले. मी ताट ठेवून आत गेले. इतकी वर्षं पोरांना गणित शिकवलं, नियमाला अपवाद निघाला तर आधी नियम तपासायचा असतो, हे मी घरातच शिकवायचं विसरले की काय, असं त्या दिवशी वाटलं.

पंप हाऊसच्या मागे कुंपणाला एक फट आहे, ती शहरबानूने शोधली. तिथून बाहेर वाळूची पट्टी लागते, तिच्यावरून हायवेच्या कठड्यापर्यंत जायचं, गाड्यांमध्ये खंड पडायची वाट बघायची, आणि मग ‘यल्ला, चल’ म्हणत पलीकडे. पलीकडे सुपरमार्केटच्या दारात आम्ही दोन म्हाताऱ्या एकमेकींकडे बघून पोरींसारख्या हसायचो. सावलीत टेकायचो, ताजं खुबूस घ्यायचो, परत यायचो. माझी धाप कमी झाली. तू म्हणालास, बघ, नव्या गोळ्या लागू पडल्या.

त्या संध्याकाळी तू मला करामाला फिजिओथेरपीला नेलं होतंस. गुडघ्यासाठी. शहरबानू एकटी गेली. आपण परत आलो तेव्हा हायवेवर निळे दिवे फिरत होते आणि तू म्हणालास, ‘आई, तिकडे बघू नकोस.’ मी बघितलं. रस्त्यावर तिची एक चप्पल होती आणि कठड्यापाशी कागदात गुंडाळलेलं खुबूस. ती परतीच्या वाटेवर होती रे. तिला नेमकं माहीत होतं ती कुठून आली आणि कुठे चालली आहे.

हे शेवटचं वाक्य मी मुद्दाम लिहिलं आहे. आता हे पत्र का, तेही सांगते. शहरबानूला जाऊन आठवडा होत नाही तोच तू सकाळी स्वतः चहा घेऊन माझ्या खोलीत आलास. त्या घरात पहिल्यांदाच. पलंगावर बसलास, माझा हात हातात घेतलास, आणि म्हणालास की तय्यबने कंपनीवर तक्रार केली आहे, चौकशी होणार आहे, आणि तिला जवळून ओळखणारी मी एकटीच. ‘आई, तू फक्त एवढंच सांग की त्यांना विसर पडायचा. घराबाहेर पडल्या की भरकटायच्या. बस, मॅटर खलास.’ मेलेल्या बाईला तू वेडी ठरवायला निघालास आणि ते माझ्या तोंडून. चहा तसाच ठेवून मी दुपारी टॅक्सी बोलावली. काल तय्यब इथे आला होता. त्याच्याबरोबर मी पोलीस स्टेशनला जाऊन आले. तिथल्या ऑफिसरने दुभाषी बसवला आणि मी सगळं सांगितलं. ती शहाणी होती, भरकटत नव्हती, तिला चालायला जागा नव्हती, हे सांगितलं. फुटपाथ प्लॅनमध्ये होते आणि ते कोणी काढले हेही सांगितलं. त्याने नाव विचारलं. मी तुझं पूर्ण नाव सांगितलं, तुझ्या बाबांच्या नावासकट. दुभाष्याने विचारलं, ‘आपके कौन लगते हैं?’ मी म्हटलं, मुलगा. हे तुला ऑफिसात कोणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. व्हिसा तुझ्या हातात आहे, कॅन्सल करायचा असेल तर कर, मी पुण्याला जाईन. यायचं असेल तर मात्र स्वतः ये. मधूची गल्ली अरुंद आहे, खाली गाडी लावायला जागा नाही. मशिदीपाशी लावून थोडं चालत यावं लागेल.

रागावलेली, तरी तुझीच,
आई