पेशंटबरोबर धरलेला श्वास

४ मार्च
आजपासून इस्पितळाच्या सीटीच्या खोलीत रुजू झाले. खोली गार, खुर्ची फिरती, डॉक्टर हसरे. आणखी काय हवं? धाकट्या बहिणीला फोन करून भरपूर भाव खाल्ला. फुफ्फुसातली गाठ मिऱ्याएवढी असली की ऑपरेशनच्या वेळी सर्जनच्या बोटांना लागत नाही. म्हणून आमचे डॉक्टर आधीच सीटीत बघून सुईतून तिथे बारीक तार रोवतात. तारेच्या टोकाला आकडा असतो. मी काचेआडून माइकवर सांगायचं, श्वास घ्या, धरा, सोडा. नोकरी सोडून चाललेल्या बाईंनी बजावलं, की पेशंटबरोबर आपण श्वास धरायचा नाही. मला हसू आलं. मी धरतेच. त्याशिवाय त्यांना किती जड जातंय ते कसं कळणार?

११ मार्च
एका निवृत्त मास्तरांना तार रोवली. मग श्वास धरायला लावून पुन्हा पाहिलं, तर गाठच नाही! आकडा नुसता लटकतोय. मास्तर ढसाढसा रडले. डॉक्टर म्हणाले, माझा पायगुण चांगला. त्यानंतर आणखी दोघं तसेच सुटले. मला मात्र खोकला लागलाय. एसीचा असणार.

२० मार्च
खोकला हटेना, म्हणून माझाच सीटी काढला. तीन गाठी. डॉक्टरांना ठाऊक होतं! वर शाबासकी दिली, तीन माणसं वाचवलीस म्हणाले. बाईंना फोन केला. त्या रडत म्हणाल्या, काचेआड तुझ्यावर जीव टाकणारं कुणीतरी बसव. मी माझ्या भावाला बसवलं होतं, म्हणाल्या.

२३ मार्च
धाकटी आली. माझ्या खुर्चीवरची नोकरी मिळाली म्हणून नाचतेय. तिला बजावायला हवं होतं. नाही बजावलं. मला जगायचंय.

२४ मार्च
मला तार रोवली. काचेआड ती — गाल फुगवून, डोळे मिटून, माझ्याबरोबर —
तिन्ही गेल्या.

२९ मार्च
धाकटी टेबलावर. नवी मुलगी अजून मिळाली नाही, म्हणून खुर्चीत मी. ताई आहे ना, मग मला भीती नाही, असं नर्सला म्हणाली.
लिहीत राहिलं की तिच्याकडे बघावं लागत नाही. धर म्हटलं. तिने धरला. मी भराभर श्वास घेतेय — आत, बाहेर — तिला काचेतून दिसतंय —
तिचे ओठ निळे — सोड म्हणायला हवं — पण बोलायला थांबावं लागेल, आणि मी थांबले तर —