हात किती सुधारला

डोंबिवली, १९५६

प्रिय अक्का,

आपल्या धाकट्या कुमुदच्या लग्नात मी गिटार वाजवावी, असं तू लिहिलंस. त्यासाठीच रोज सराव करत होतो. हात किती सुधारला ते पाहायला रविवारी कल्याणला मोडकांच्या रेडिओच्या दुकानात गेलो. त्यांच्या टेप रेकॉर्डरवर मागच्या दिवाळीत एक धून वाजवून ठेवलेली. तीच पुन्हा वाजवली आणि दोन्ही ऐकल्या. दिवाळीची साफ होती. रविवारची जागोजागी खरखरत होती, अर्धे सूर उमटलेच नव्हते. वाजवताना तर मला सगळं ठीक वाटलं होतं.

"मशीन बिघडलंय का हो?" मी विचारलं.

"मशीनला काही झालेलं नाही," मोडक म्हणाले. "तुमचं बोट बघा, केवढं कापलंय!"

तार रुतून रक्त आलं होतं. मला कळलंच नव्हतं.

ठाण्याच्या डॉक्टरांनी मला डोळे मिटायला सांगितलं आणि हातात टाचणी घेतली. "टोचा की," मी म्हणालो. त्यांनी केव्हाच टोचली होती. मग दार लावून त्यांनी रोगाचं नाव सांगितलं. महारोग. गोळ्यांनी तो थांबेल, पण बोटांचा गेलेला स्पर्श परत येणार नाही.

मुलाकडचे आपल्या घराची चौकशी करतायत ना? हे कळलं तर कुमुदचं लग्न मोडेल. तुला खोटं बोलता येत नाही, म्हणून हे पत्र टाकणार नाही. रजा मिळत नाही, एवढंच कार्डावर कळवतो. तू चिडशील, माझ्याशी बोलणं टाकशील. टाक, अक्का. पण मला बघायला येऊ नकोस.

तुझाच,
मुकुंदा