नदीवर दिलेला शब्द

तेजू बाळा,

काल फोनवर विचारलंस, "बाबा कुठायत?" मी म्हटलं, नाक्यावर गेलेत. तुझे बाबा गेले गं. झोपेतच.

दहाव्याला उल्हास नदीवर पिंड ठेवला, पण कावळा शिवेना. कल्पेशकाका म्हणाला, "दादा, घराचं काम मी पुरं करतो." नाही. "वहिनीला सांभाळतो." तरी नाही. हट्टी माणूस, गेल्यावरही तस्साच! ऊन डोक्यावर आलं. मग मला आठवलं, तू जपानला शिकायला गेल्यापासून ते सगळ्यांना बजावायचे, "पोरीला मधूनच कोणी परत बोलवायचं नाय." मी हात जोडून म्हटलं, "अहो, तिचं वर्ष पुरं होईपर्यंत तिला कळू देणार नाही."

लगेच कावळा उतरला.

म्हणून हे पत्र कपाटातच राहील. मन कुठंतरी मोकळं करायला हवं ना?

रविवारी तू बाबांसाठी नवा जपानी धडा म्हणून दाखवतेस, तेव्हा मी फोन त्यांच्या फोटोपुढे धरते. "ऐकतायत ना?" विचारतेस. मी "हो" म्हणते.

तेवढं एक मला खोटं वाटत नाही.

तुझी वाट बघणारी,
आई
शिरगाव, बदलापूर