रखवालदाराचं खाकरणं

चि. भुंगी हिला,

आत्याचे भरघोस आशीर्वाद. मी बरी आहे, गुडघा बरा नाही. आमच्या दोघांचं हल्ली पटत नाही, एवढंच. तुझा खोकला गेला असेल असं मी धरून चालले आहे, कारण तू काही कळवणार नाहीस. जेवतेस ना वेळेवर? (यावर नुसतं ‘हो’ लिहू नकोस. काय जेवलीस ते लिही.)

तू नोकरी सोडून, इतकी वर्षं खपून केलेला भुताचा खेळ पोचला. खालच्या दुकानातल्या पोरीने तो माझ्या टीव्हीला जोडून दिला आणि ते दोन शिंगांचं रिमोट हातात देऊन, घाबरू नका आजी, असं सांगून स्वतः घाईघाईने निघून गेली. खेळ बाजारात आणायचा की कायमचा गुंडाळून ठेवायचा हे तुला या आठवड्यात ठरवायचं आहे, मी सांगेन तसं तू करणार आहेस आणि तुझ्या बाबांना तो अजिबात दाखवायचा नाही, हे सगळं तू बजावून लिहिलंस. का दाखवायचा नाही, ते मला पहिल्याच मजल्यावर कळलं. त्याकडे येते. आधी गुणदोष. माझा जन्म इस्पितळाच्या भांडारात गेला. मालाची पारख केल्याशिवाय मी खोकं आत घेत नाही.

खेळ मी दुपारी खेळले, पडदे सताड उघडे ठेवून. तरीही पाचावर धारण बसली, हा पहिला गुण. बंद पडलेलं इस्पितळ, त्यात अडकलेली एक नवखी नर्स, आणि तिला बाहेरचा दरवाजा गाठायचाय, इतकी सोपी गोष्ट. पण काय तो अंधार आणि काय ते दूर कुठेतरी चाक कुरकुरणं. मात्र जिन्यात पडलेली मलमपट्टी आणि मोरीत ठेवलेली इंजेक्शनं पाहून माझं डोकं फिरलं. कसलं भांडार होतं हे? मी नर्सला घेऊन कोपरा न् कोपरा धुंडाळला आणि सापडेल ते पिशवीत भरलं, अगदी पिस्तूलसुद्धा. आता पिशवी ती केवढीशी, आणि मी पडले हातचं राखून ठेवणारी. नर्स लंगडायला लागली, मी पट्टी काढली नाही, पुढे लागेल. तिला समोरचं धड दिसेना, मी औषध दिलं नाही. अजून चालतेय की. अशाने ती बिचारी वारंवार मेली आणि दर वेळी पिशवी गच्च भरलेली. मला वाईट वाटलं, नाही असं नाही. साठा मात्र शाबूत होता.

भुतं मी पुष्कळ पाहिली आहेत, पांढऱ्या साडीतली, उलट्या पायांची. मला त्यांचं काही वाटत नाही. पण टॉर्चची बॅटरी उतरायला लागते आणि आहे एवढ्यात दरवाजा गाठता येईल का, असं मनात येतं, तेव्हा तोंडचं पाणी पळतं. भांडारात हीच भीती उशाशी घेऊन मी नोकरी केली. ती तुला कशी कळली कोण जाणे, पण कळली आहे, आणि मला तुझा फार अभिमान वाटला.

दोषही आहेत. तुझी नर्स दहा पावलं पळाली की धापा टाकते. आमच्या नर्सा दिवसभर चारही मजले चढायच्या आणि वर डॉक्टरांना झापायच्या. किल्ली एकदा वापरली की ती फेकून देते. अशी बाई मी एक दिवस कामावर ठेवली नसती. आणि औषधाच्या कपाटाला घड्याळाचे काटे जुळवून उघडणारं कुलूप कोण लावतं गं? तेवढ्यात पेशंट जायचा.

आता तो रखवालदार. चेहरा दिसत नाही, धावत येत नाही, काही बोलत नाही. आधी एक छोटं खाकरणं, मग शांतता, मग एक मोठं, आणि पाठोपाठ बोळातले दिवे एकेक करून बंद. ते ऐकलं आणि मी पाय खुर्चीवर घेऊन बसले. अगं, हे तुझ्या बाबांचं खाकरणं मी पाळण्यात असल्यापासून ऐकतेय. दादा जिन्यात असा खाकरला की घरातल्या सगळ्यांची पुस्तकं आपोआप उघडायची. आणि दिवे घालवायचे ते तर विचारूच नकोस. लोकांच्या विजेची मीटरं वाचण्यात ज्याची नोकरीची सगळी वर्षं गेली, त्याने मी मोरीत असतानासुद्धा बाहेरून दिवा घालवलेला आहे. तेव्हा तुझी भीती मला समजली. आपण पोरीच्या खेळातलं भूत आहोत हे त्याला कळलं, तर आधीच फोनवर हवामानाखेरीज काही न बोलणारे तुम्ही दोघं हवामानही बंद कराल.

असो. तिसऱ्या मजल्यापासून माझा खेळ एकदम सुधारला. फ्यूजचं कोडं चुटकीसरशी सुटलं. पट्ट्या सढळ हाताने वापरल्या, एक गोळी तर उंदरावर झाडली. आणि मुख्य म्हणजे मी पुढे जाण्याआधी प्रत्येक खोलीतला दिवा मालवत गेले, कारण ओसाड इमारतीत एवढे दिवे जळताना बघवेना. तर काय आश्चर्य, जिथे दिवा बंद तिथे रखवालदार फिरकतच नाही! तो नर्सच्या मागे नव्हताच, दिव्यांच्या मागे होता. हे तू मुद्दाम ठेवलं असशील तर या खेळाला तोड नाही.

पण शेवट फसला आहे, हे स्पष्ट लिहिते. बाहेरचा दरवाजा उघडतो, शेजारी रखवालदार नुसता उभा, खाकरतही नाही. मी रिमोटवरची सगळी बटणं दाबून पाहिली. नर्स थांबत नाही. त्याच्या अंगावरून पळत निघून जाते आणि लगेच शेवटची नावं सुरू होतात. एवढं त्याला ओळखल्यावर असं निघून जायचं? मी बराच वेळ टीव्हीसमोर तशीच बसून होते.

तेव्हा निकाल असा: शेवट सुधार आणि खेळ खुशाल बाजारात आण. बाबांचं काय ते मी बघते.

तुझी (गुडघ्यासकट),
आत्या

ता.क. बघते म्हणजे, बघून झालं आहे. वर तिसऱ्या मजल्यापासून पुढे जिथे जिथे ‘मी’ लिहिलंय, तिथे ‘तुझे बाबा’ वाच. तो माझा गळका नळ बघायला आला होता. टीव्हीत रखवालदार खाकरला, दारात हा खाकरला, आणि नर्सला सोडून मीच किंचाळले. मग त्याने रिमोट घेतलं ते शेवटपर्यंत सोडलं नाही. नळ अजून गळतोय.

ता.क. २. त्याला कळलं आहे. नावं संपल्यावर त्याने मला विचारलं, “मी एवढा भयंकर होतो का गं?” मी म्हटलं, “होतास. पण तू आलास म्हणजे घराला कडी लागली, असंही वाटायचं.” जाताना माझ्या स्वयंपाकघरातला दिवा त्याने चालू ठेवला.

ता.क. ३. आता खरं काम. एक, तू टिपलेलं खाकरणं त्याच्या सर्दीतलं आहे, म्हणून नीट आवाज द्यायला तो रविवारी स्वतः तुझ्याकडे येतोय. मोरीत सराव चालू आहे, वरचे शेजारी घाबरून आहेत. दोन, शेवटी दरवाजापाशी नर्सला थांबून त्या रखवालदाराशी दोन शब्द बोलता येतील असं एक बटण घालता आलं तर बघ, असं त्याने मला तुला विचारायला सांगितलं आहे. काय बोलायचं ते तू ठरव. बटण तेवढं मोठं ठेव. त्याला चष्म्याशिवाय चटकन सापडत नाही, आणि ते शोधता शोधता तू पुन्हा निघून गेलीस असं व्हायला नको.